उरलेल्या अन्नावर अंडी मिळतील काय?

तलवाड्यात आमच्या कापड दुकानी बसणारे भाई विचारतात, वलीम्यातला उरलेला भात, हॉटेलातले शिळे पाव कोंबड्यांना घातले तर खर्च वाचेल का? वाचेल. अंड्यांच्या धंद्यात 60 ते 70 टक्के खर्च खाद्याचाच. पण हिशेब समजून घ्या.

अंड्यावरची कोंबडी रोज 110 ते 120 ग्रॅम खाते, त्यात 16 ते 18 टक्के प्रथिने लागतात. भात-पावाने पोट भरते, अंडी घटतात. म्हणून शंभर कोंबड्यांच्या 11-12 किलो खाद्यात शिळे तीन किलोच्या वर नको. तेही कडक वाळवून, भरडून. सोबत शेंगदाणा वा सोयाबीन पेंड आणि शिंपल्यांचा चुरा हवाच, नाहीतर कवच पातळ पडते. खारट रस्सा, लोणचे, हाडे आधी वेगळी काढा. बुरशीचा तुकडा फेकूनच द्या. ते विष उकळूनही जात नाही.

आमचा मुलूख कपाशीचा, तेव्हा सरकी पेंडीचा मोह होतो. म्हशीला ती ठीक. कोंबडीला घातली तर ठेवलेल्या अंड्यातला बलक हिरवट पडतो, आणि गिऱ्हाईक अंडी परत आणून टाकते.

आधी दहा कोंबड्यांवर महिनाभर चालवा, रोजची अंडी वहीत लिहा.