आधी एजंटची परीक्षा द्या

प्रश्न : रसायनशास्त्रात बी.एस्सी. झाले आहे. पेटंटची वकिली करायची आहे. थेट एलएल.बी.ला जाऊ का?

उत्तर : जा, पण आधी पेटंट एजंटच्या परीक्षेची तयारी सुरू करा. १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम १२६ नुसार विज्ञान किंवा तंत्रज्ञानाची पदवी असलेल्या, २१ वर्षे पूर्ण झालेल्या भारतीय नागरिकाला ती देता येते. सनद लागत नाही. या कामातले खरे कसब विषयाच्या जाणकारीत आहे. ग्लिव्हेक या कर्करोगावरील औषधाचा खटलाच पाहा. त्यातील इमॅटिनिब मेसिलेट या घटकाच्या बीटा स्फटिकरूपाने औषधाचा गुण वाढतो का, हा २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढचा कळीचा प्रश्न होता. भुकटी अधिक सुटी वाहते, ओलावा कमी धरते, एवढ्याने भागत नाही, असा निकाल कलम ३(ड) च्या आधारे लागला. स्फटिकरूप म्हणजे काय हेच ज्याला उमगत नाही, तो इथे युक्तिवाद काय करणार?

कोणी म्हणेल, एजंटला न्यायालयात उभे राहता येत नाही, मग हा वळसा कशाला? आक्षेप रास्त आहे, म्हणूनच एलएल.बी. सोडू नका. पण नोंदणी झालेल्या एजंटला पेटंट कार्यालयापुढचे काम करता येते, आणि पेटंटचे दावे लिहिण्याचा हात तिथेच बसतो. परीक्षा दरवर्षी होतेच असे नाही. जाहिरात निघाली की अर्ज चुकवू नका.