कमिट केलेलं आणि न केलेलं

नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्ष बागायतदारांसाठी फवारणीच्या नोंदींचं अ‍ॅप आम्ही दोघं मित्र मिळून करत होतो. शेवटच्या फवारणीनंतर काढणीला किती दिवस थांबायचं, हे औषधागणिक बदलतं आणि निर्यातीच्या मालात तो हिशेब चुकून चालत नाही. तारखांचं हे गणित मित्राने दिवसभर खपून बसवलं. रात्री स्क्रीनची मांडणी बिघडली, तेव्हा नेटवर सापडलेली ‘गिट रिसेट हार्ड’ ही कमांड त्याने मारली. मांडणी पूर्ववत झाली आणि तारखांचं गणितही गेलं, कारण सकाळपासून त्याने कमिटच केलं नव्हतं.

प्रोजेक्टमध्ये गिट चालू केलं की सगळं आपोआप जपलं जातं, असं नवशिक्यांना वाटतं. गिटला माहीत असतं ते फक्त तुम्ही त्याच्या हवाली केलेलं, म्हणजे कमिट केलेलं. कमिट केलेलं काम रिसेटनंतरही ‘गिट रिफ्लॉग’मध्ये सापडतं, एरवीच्या सेटिंगवर निदान महिनाभर. न केलेलं तिथेही नसतं. आम्हाला तारलं ते आम्ही कोड लिहीत होतो त्या अँड्रॉइड स्टुडिओने. फाइलवर राइट क्लिक केलं की ‘लोकल हिस्टरी’ दिसते. गिटशी तिचा संबंध नाही, पण एडिटरमधले अलीकडचे बदल तिथे काही दिवस राहतात. तिच्या भरवशावर मात्र राहू नका. एखादी गोष्ट चालू लागली की लगेच कमिट करा, मग ती चार ओळींची का असेना. आणि संदेशात नुसतं ‘अपडेट’ लिहू नका. ‘फवारणीची तारीख रिकामी असेल तर अ‍ॅप बंद पडत होतं, ते दुरुस्त’ असं लिहा.

कमिट केलेलं गिट विसरत नाही, याची दुसरी बाजू जास्त महागात पडते. नाशिकच्या २०१५च्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या निमित्ताने एमआयटी मीडिया लॅबमधले रमेश रासकर, मूळचे नाशिकचेच, यांच्या पुढाकाराने कुंभमेळ्याच्या अडचणींवर तोडगे शोधणारा कुंभथॉन झाला. आपल्या गावाच्या अडचणींवर आपणच अ‍ॅप करावं, ही हौस इथल्या पोरांत आहेच. ते काम नोकरीच्या मुलाखतीत दाखवता यावं म्हणून गिटहबवर सार्वजनिक ठेवलं जातं. आमचंही तसंच होतं, आणि एसएमएस सेवेची गुप्त की कोडमध्येच लिहिलेली होती. लक्षात आल्यावर ती ओळ काढून नवं कमिट केलं आणि आम्ही निश्चिंत झालो! जुन्या कमिटमध्ये की तशीच होती. कुणीतरी ती उचलली आणि आमच्या खात्यातून भलत्यांनाच मेसेज गेले.

अशा किल्ल्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि त्या फाइलचं नाव पहिल्या कमिटच्या आधीच ‘गिटइग्नोर’मध्ये घाला, कारण एकदा कमिट झालेली फाइल नंतर तिथे लिहून गिट सोडत नाही. ज्यांची रेपॉझिटरी आधीच सार्वजनिक आहे, त्यांनी आज तिची जुनी कमिट उघडून बघावीत. की सापडली, तर आधी ती रद्द करून नवी घ्या. इतिहास साफ करायच्या मागे त्यानंतर लागा.