मेंदूचा नकाशा: रस्ते आणि रहदारी

डब्लिनमध्ये २००४ साली लुआस ट्राम सुरू झाली, तेव्हा तिचे लाल आणि हिरवा हे दोन मार्ग एकमेकांना जोडलेले नव्हते. ते शहराच्या मध्यावर भेटले डिसेंबर २०१७ मध्ये. कुठून कुठे जाता येतं हे ट्रामचा नकाशा तुम्हाला सांगतो. सकाळी आठला गर्दी कुठे असते, हे मात्र सांगत नाही. मेंदूचंही तसंच आहे.

मेंदूतल्या सगळ्या जोडण्यांच्या नकाशाला ‘कनेक्टोम’ म्हणतात. १९८६ साली एका सूक्ष्म कृमीच्या ३०२ चेतापेशींचा असा नकाशा प्रसिद्ध झाला, तर २०२४ मध्ये फळमाशीच्या मेंदूतल्या सुमारे १,४०,००० पेशींचा. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत! त्यामुळे जिवंत माणसाच्या मेंदूचा जाडसर नकाशाच काढता येतो.

तो कसा? पाण्याचे रेणू चेतातंतूंच्या लांबीच्या दिशेने सहज सरकतात, आडवे कमी. एमआरआय ही हालचाल टिपतं आणि त्यावरून तंतूंच्या जुड्या कुठून कुठे जातात याचा अंदाज येतो. हे झाले रस्ते. रहदारी समजते ईईजीवरून: मेंदूच्या दोन भागांवरच्या विद्युतलहरी एका तालात चालत असतील, तर त्यांच्यात देवाणघेवाण चालू असावी.

दोन्ही का लागतात? एएलएस हा स्टीफन हॉकिंग यांना झालेला आजार घ्या. त्यात स्नायूंना हलवणाऱ्या चेतापेशी मरत जातात. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी १०० रुग्ण आणि ३४ निरोगी व्यक्तींचा ईईजी तपासून २०१९ साली निष्कर्ष मांडले. एमआरआयमध्ये जिथे झीज दिसत होती, त्या हालचालींच्या भागांवर विद्युतक्रिया मंदावली होती. पण जिथे झीज कमी होती, त्या इतर भागांवर संवाद चक्क वाढलेला होता!

वाढलेला संवाद म्हणजे सुधारणा, असं मात्र समजू नका. मुख्य रस्ता बंद पडला की आडवाटेवर गर्दी होते, तसं हे असू शकेल. किंवा पेशींना आवर घालणारी यंत्रणाच दुबळी झाली असेल. कारण काहीही असो, हा आजार फक्त स्नायूंच्या वाटेवर थांबत नाही, एवढं यातून दिसतं. शिवाय ईईजी एमआरआयपेक्षा बराच स्वस्त. आजार कसा पुढे सरकतोय आणि नवं औषध लागू पडतंय का, हे त्यावरून मोजता आलं, तर रुग्णांचा मोलाचा वेळ वाचेल.

म्हणून यापुढे ‘मेंदूतल्या जोडण्या वाढल्या’ अशी बातमी वाचलीत, तर आधी विचारा: रस्ते वाढले, की रहदारी?