‘स्कूल’ म्हणजे फुरसत

‘स्कूल’ हा शब्द तुम्ही दिवसांतून दहा वेळां उच्चारीत असाल. परंतु त्याचा मूळ अर्थ ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. हा शब्द ग्रीक भाषेंतील ‘स्खोले’ या शब्दापासून निघाला, आणि ‘स्खोले’ म्हणजे फुरसत! लॅटिन भाषेंत त्याचें ‘स्कोला’ झालें व तेथून तो इंग्रजींत आला. ‘स्कॉलर’ व ‘स्कॉलरशिप’ हीं त्याच घराण्यांतील भावंडें होत.

येथें एक सावधगिरी बाळगावी. इंग्रजींत माशांच्या थव्यासहि ‘स्कूल’ म्हणतात; पण तो शब्द डच भाषेंतून आला असून त्याचा मूळ अर्थ समुदाय असा आहे. दोहोंचें रूप एक, कूळ निराळें. केवळ रूपसाम्यावरून शब्दांचें नातें ठरवूं नये.

मग फुरसतीची शाळा कशी झाली? ग्रीकांच्या मतें फुरसत म्हणजे आळस नव्हे. पोटाच्या उद्योगांतून मोकळा झालेला वेळ ज्ञानचर्चेंत घालवावा, अशी त्यांची समजूत. पुढें त्या चर्चेस, आणि ती जेथें चाले त्या जागेसहि, तेंच नांव पडलें. इ. स. पूर्वीच्या ४ थ्या शतकांत ॲरिस्टॉटलनें ‘पॉलिटिक्स’ या ग्रंथांत फुरसतीचा सदुपयोग हा शिक्षणाचा एक हेतु मानिला आहे. आपल्या ‘शाळा’ शब्दाचा रोख मात्र स्थळाकडे आहे; संस्कृतांत ‘शाला’ म्हणजे घर.

पण ही फुरसत सर्वांस होती काय? अथेन्सच्या नागरिकांच्या फुरसतीमागें गुलामांचे श्रम होते, आणि मुलींच्या वाट्यास शाळा सहसा येत नसे. आपल्याकडेहि अमेरिकन मिशननें मुंबईंत १८२४ सालीं व जोतीराव फुले यांनीं पुण्यांत १८४८ सालीं मुलींच्या शाळा काढल्या, तेव्हां कोठें हें दार किलकिलें झालें. २००९ च्या कायद्यानें ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलास मोफत शिक्षणाचा हक्क दिला.

तथापि कायदा शाळेंत जागा देतो. फुरसत घरानेंच द्यावी लागते. कापणीच्या दिवसांत मुलास शेतावर नेलें, किंवा धाकटें भावंड सांभाळण्यासाठीं मुलीस घरीं ठेविलें, तर पटावर नांव राहतें, परंतु ‘स्खोले’ हिरावली जाते. पालकांनीं याचा विचार करावा. आणि मुलांनो, तुमचा वर्गांतील प्रत्येक तास कोणीतरी शेतांत, कारखान्यांत वा चुलीपाशीं राबून तुमच्यासाठीं मोकळा केलेला आहे, हें विसरूं नका.