वाळणकोंडातील देवीचे मासे

रायगड जिल्ह्याच्या महाड तालुक्यात, बिरवाडीच्या परिसरात, काळ नदीच्या खडकाळ पात्रात वाळणकोंड हा खोल डोह आहे. काठी श्री वरदायिनी मातेचे स्थान असून डोहातील मासे देवीचे मानले जातात व ते कोणी धरत नाही. मूठभर कुरमुरे पडताच मोठमोठे मासे झुंडीने वर येतात, ते पाहण्यास भाविक आवर्जून थांबतात.

हा दख्खनचा महसीर. रोहू व कटला यांच्याच कुळातला. खवले मोठे, तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या. दात जबड्यात नसून घशात असतात व त्यांनी तो गोगलगाईचे कवचही चिरडतो. १८३९ साली कर्नल साइक्स यांनी पुणे प्रांतातील नदीच्या माशावरून त्याचे शास्त्रीय वर्णन केले. त्या वेळी त्यांनी अनेक माशांना स्थानिक बोलीतीलच नावे दिली. 'खुद्री' हे महसीराचे नाव त्यांपैकीच. तसेच 'मुल्या', म्हणजे आपला मळ्या. हा बोटभर मासा तोंडाखालच्या चकतीने दगडास चिकटून भर प्रवाहातही तग धरतो. मराठी कोळ्यांचे शब्द असे जगभरच्या ग्रंथांत गेले, याचे कौतुक वाटते.

देवस्थानाच्या धाकाने डोह राखला गेला. तथापि महसीराचा संसार एका डोहात पुरा होत नाही. पावसाळ्यात तो प्रवाहाविरुद्ध वर चढतो व स्वच्छ, खळाळत्या पाण्यात खड्यागोट्यांवर अंडी घालतो. शरीराच्या मानाने ही अंडी थोडीच असतात. वरच्या अंगास बंधारा पडला, वाळूगोटे उपसले गेले किंवा कोणी सुरुंग उडवला, विष कालवले, तर डोहातील मोठे मासे दिसत राहतील, परंतु पिल्ले येणार नाहीत. नवसाच्या माशांचे रक्षण म्हणजे खरे पाहता साऱ्या नदीचे रक्षण होय.

शेवाळ, कीटक, गोगलगाई, काठच्या झाडांची पडलेली फळे हे त्यांचे मूळ अन्न. उन्हाळ्यात प्रवाह मंदावला असता उरलेले खाद्य कुजते व पाण्यातील प्राणवायू घटतो. म्हणून त्या दिवसांत नैवेद्य चिमूटभरच असावा. पुण्यकर्म म्हणून बाहेरचे मासे आणून सोडणेही टाळावे. लोणावळ्याच्या मत्स्यकेंद्रात १९७० च्या दशकापासून पैदास झालेला हाच दख्खनचा महसीर दक्षिणेत कावेरीत सोडला गेला आणि तेथील मूळचा कुबडा महसीर आज अत्यंत संकटात आहे. कपडे धुण्याचा साबण व प्लास्टिकच्या पिशव्या घाटावर आणू नयेत, ही नम्र विनंती.