धनगरांनी गालिचा का विणला नाही?

प्रश्न : इराणच्या कश्काई भटक्यांचे रंगीत लोकरी गालिचे प्रदर्शनात पाहिले. आपले धनगरही मेंढरं घेऊन फिरतात, लोकर त्यांच्याकडेही असते. मग आपल्याकडे असे गालिचे का झाले नाहीत?
— एक वाचक, कोलशेत, ठाणे

उत्तर : लोकर वेगळी, गरज वेगळी आणि मागही वेगळा, म्हणून.

कश्काई फार्स प्रांतातले. उन्हाळ्यात झाग्रोसच्या डोंगरात, हिवाळ्यात खालच्या उबदार पट्ट्यात. त्यांचा माग जमिनीवर आडवा मांडलेला असतो. मुक्काम हलला की तोही सोबत निघतो. मंजिष्ठेचा लाल, निळीचा निळा असे रंग दिलेल्या लोकरीच्या गाठी बायका एकामागून एक मारत जातात. समोर नक्षीचा कागद नसतो, सगळं मनातलं. फार्सच्या या विणकामाची युनेस्कोने २०१० साली वारसा म्हणून नोंद केली.

आपल्या दख्खनी मेंढीची लोकर भरड, आखूड आणि बहुतेक काळी. काळ्यावर रंग काय चढणार? शिवाय धनगराला हवं होतं ते अंथरायला, पांघरायला आणि पावसात डोक्यावरून खोळ करून घ्यायला. पारनेर तालुक्यातल्या ढवळपुरीचे धनगर पावसाळा सरला की घाट उतरून कोकणात येतात. अशा वाटचालीत गाठींचा जड गालिचा वाहायचा कसा आणि भिजला तर वाळवायचा कधी? खांद्यावर टाकता येते ती घोंगडी.

तिसरी गोष्ट कामाच्या वाटणीची. धनगरांच्या बायका सूत कातत, पण विणणारा सनगर समाजातला. त्याचा खड्डामाग घरातच पुरलेला, तो कुठे हलत नाही. उभ्या ताण्याला तो कुंच्याने चिंचोक्याची खळ लावतो आणि उन्हात वाळवतो, म्हणजे विणताना सूत तुटत नाही. नवी घोंगडी ताठ लागते ती या खळीमुळे. वापरता वापरता ती मऊ पडते.

तेव्हा घोंगडीला गरिबाचा गालिचा समजू नये. तिची कारागिरी रंगात नाही, टिकण्यात आहे. आज मात्र दख्खनी लोकरीला इतका कमी भाव मिळतो की अनेकदा कातरणीची मजुरीही सुटत नाही आणि लोकर टाकून द्यावी लागते. म्हणून घोंगडी घेताना देशी लोकरीची, हातमागाचीच मागा. हातकताईचं सूत कुठे जाड, कुठे बारीक दिसेल, अंगाला थोडं टोचेलही. टोचते म्हणून परत ठेवू नका. अस्सल दख्खनी लोकरीची तीच खूण आहे.