मीटरच्या पुढची वायर कोणाची?

प्रश्न : आमची गृहनिर्माण संस्था 1979 सालची. तळमजला अधिक तीन मजले, 24 सदनिका. जिन्याखालच्या मीटर बोर्डवर गेल्या पावसाळ्यात दोनदा ठिणग्या उडाल्या. इलेक्ट्रिशियन म्हणतो, मीटरपासून घराघरांत जाणाऱ्या सगळ्या वायर बदला. सचिव म्हणतात, मीटर ज्याच्या नावावर, वायर त्याची. काही जणांच्या मते हे काम वीज कंपनीचे आहे. उरलेले म्हणतात, पुनर्विकास होणारच आहे, मग आता खर्च कशाला? नेमके खरे काय? — एक सदस्य, ठाणे

उत्तर : सचिवांचे म्हणणे बरोबर नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधीत संस्थेने स्वतःच्या खर्चाने करायच्या दुरुस्त्यांची यादी आहे. पाण्याच्या टाक्या, गच्ची, जिने, लिफ्ट यांच्याबरोबर तिथे सदनिकेतील मुख्य स्विचपर्यंतच्या विजेच्या लाइनीही आहेत. म्हणजे मीटर तुमच्या नावावर असला, तरी तिथून निघून जिन्याच्या भिंतीवरून तुमच्या मेन स्विचपर्यंत येणारी वायर संस्थेने बदलायची. मेन स्विचच्या आतले सारे तुमचे. तुमच्या संस्थेने स्वीकारलेल्या उपविधीत हाच मजकूर आहे ना, तेवढे पाहून घ्या.

वीज कंपनीची जबाबदारी तिची केबल, कटआउट आणि मीटर इथवर. त्यापुढच्या वायरिंगशी तिचा संबंध नाही. पण ठिणग्या कुठे उडाल्या हे कोणी पाहिले आहे का? जुन्या बोर्डवर कटआउटमधले जोड ढिले होऊन तापतात, आणि तो भाग कंपनीचा असतो. म्हणून आधी कंपनीकडे लेखी तक्रार द्या आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. दाद मिळाली नाही, तर वीज कायदा 2003 नुसार स्थापन झालेला ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, त्याच्यावर विद्युत लोकपाल आहेत. मीटरचे सील मात्र कोणत्याही इलेक्ट्रिशियनला तोडू देऊ नका. मीटर हलवायचे असतील, तर अर्ज कंपनीकडेच करावा लागतो.

आता पैशाचे. समिती स्वतःच्या अधिकारात किती खर्च करू शकते, याची मर्यादा उपविधीत सदस्यसंख्येनुसार ठरलेली असते. चोवीस घरांच्या वायर बदलण्याचे काम तिच्यात बसणार नाही. विशेष सर्वसाधारण सभा बोलवा. समिती टाळत असेल, तर एक पंचमांश सदस्य, तुमच्याकडे पाच जण, लेखी मागणी करून ती बोलवायला लावू शकतात. खर्चासाठी पहिला हात दुरुस्ती निधीला घाला. तो बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान 0.75 टक्के दराने जमा व्हायला हवा. 1979 चा बांधकाम खर्च धरून गोळा झालेली रक्कम आज अपुरी पडेल, हे उघड आहे. सिंकिंग फंड वापरायचा, तर सभेचा ठराव हवा आणि हे मोठ्या दुरुस्तीचे काम असल्याचा वास्तुविशारदाचा दाखलाही हवा. तरीही पैसे कमी पडले, तर मोठ्या दुरुस्तीसाठी वेगळी वर्गणी काढता येते. ती सदनिकेच्या क्षेत्रफळावर आकारायची असते, घरटी समान नव्हे. सभेत वाद बहुतेक इथेच पेटतो, म्हणून उपविधीची प्रत हातात घेऊन बसा.

हिशेबाच्या दोन गोष्टी खजिनदारांना सांगा. ठेकेदाराचे एक बिल 30,000 रुपयांवर किंवा वर्षाची एकूण रक्कम एक लाखावर गेली, की संस्थेने टीडीएस कापायचा : ठेकेदार एकटी व्यक्ती असेल तर एक टक्का, कंपनी किंवा भागीदारी असेल तर दोन टक्के. दुसरे, संस्थेची वार्षिक उलाढाल 20 लाखांपेक्षा जास्त असेल आणि सदस्याची महिन्याची वर्गणी 7,500 रुपयांवर गेली, तर जीएसटीचा प्रश्न येतो. मोठी वर्गणी एकाच महिन्यात लावण्याआधी लेखापरीक्षकांना विचारा.

पुनर्विकासाची वाट पाहणाऱ्यांना मला कळकळीने सांगायचे आहे. विकासक नेमण्यापासून घरे रिकामी होईपर्यंत अनेक ठिकाणी वर्षानुवर्षे जातात, आणि ती सगळी वर्षे तुम्ही त्याच जिन्याने चढणार-उतरणार आहात. आग मीटर बोर्डला लागते आणि बाहेर पडायची वाट नेमकी तिथूनच असते. पैसे कमी असतील, तर घरांच्या आतले काम मागे ठेवा. मीटर बोर्ड, वर जाणाऱ्या लाइनी आणि अर्थिंग आधी करा. तीस वर्षांवरच्या इमारतीला दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावे लागते. ते झाले म्हणून निर्धास्त राहू नका. ते खांब-तुळयांची तब्येत सांगते, वायरची नाही.

1979 मध्ये घराचा भार म्हणजे चार दिवे, दोन पंखे, एक फ्रिज. आज एकटा दोन किलोवॅटचा गीझर नऊ अँपिअरच्या आसपास वीज ओढतो, आणि वर एसी असतो. त्या काळच्या बारीक वायरी, बऱ्याच ठिकाणी ॲल्युमिनियमच्या, यासाठी नव्हत्याच. ॲल्युमिनियमचा जोड काळाने ढिला होतो, तापतो. मग फ्यूज वारंवार उडतो, म्हणून कोणीतरी जाड तार घालतो किंवा मोठी एमसीबी बसवतो. हे फार धोक्याचे आहे. एमसीबी वायरच्या क्षमतेइतकीच हवी, कारण ती वायर वाचवण्यासाठी असते. वायर तीच ठेवून एमसीबी मोठी केली, तर ती उडत नाही आणि भिंतीतली वायर जळत राहते. घरातले काम कराल, तेव्हा 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी नक्की बसवा. विजेचा धक्का बसताना माणूस तिच्यामुळे वाचतो. पण अर्थिंग तपासूनच.

काम परवानाधारक विद्युत ठेकेदारालाच द्या. कायद्याने ते बंधनकारक आहे. कोटेशनमध्ये वायरचा आकार, आयएसआय मार्क आणि शेवटची चाचणी लिहून घ्या. इन्सुलेशनच्या चाचणीत 500 व्होल्टचा दाब एक मिनिट देऊन किमान एक मेगाओहम रोध मिळायला हवा. तो अहवाल हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

प्रश्न : पुण्यात पेठेत माझे पागडीचे दुकान आहे, भाडे महिना 600 रुपये. वायरिंग लाकडी पट्टीवरचे, किटकॅट फ्यूजचे. घरमालक स्वतः बदलत नाहीत आणि मी बदलले तर खाली करायला लावीन म्हणतात. — एक दुकानदार, पुणे

उत्तर : महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 14 प्रमाणे जागा वापरण्याजोगी ठेवणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे. तुमच्या करारात याच्या उलट काही कबूल केले नसेल, तर त्यांना किमान 15 दिवसांची लेखी नोटीस द्या. तरीही काम झाले नाही, तर तुम्ही ते करून खर्च भाड्यातून वळता करू शकता. पण वर्षाला भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. तुमच्या बाबतीत ही रक्कम वर्षाला 1,800 रुपये होते. वायरिंगचा खर्च यातून निघणार नाही, हे स्पष्टच सांगतो. तरी नोटीस द्याच. काम का करावे लागले, याचा तो पुरावा असतो.

खाली करायच्या धमकीला घाबरू नका. परवानगीशिवाय कायम स्वरूपाचे बांधकाम केले, तर घरमालकाला ताबा मागता येतो. पण एसी बसवणे किंवा लाकडी पार्टिशन घालणे हे तसे बांधकाम नाही, असे कायद्यातच म्हटले आहे. वायर बदलणे त्याहून कितीतरी किरकोळ आहे. भिंती फोडून गाळे पाडू नका; वायर पीव्हीसी पट्टीतून बाहेरून न्या. रागाच्या भरात घरमालकांनी वीजच तोडली, तर कलम 29 खाली न्यायालयात जाता येते. प्राप्तिकरात हा खर्च दुरुस्ती म्हणून दाखवायचा, की दरसाल 10 टक्के घसारा लावायचा, हे सीएंना बिल दाखवून ठरवा.

प्रश्न : शॉर्ट सर्किटने आग लागली, तर विमा मिळतो का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : आगीचे नुकसान मिळते. मात्र ज्या उपकरणात किंवा फिटिंगमध्ये शॉर्ट सर्किट झाले, त्याची भरपाई मिळत नाही. 1 एप्रिल 2021 पासून सुरू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीतही हाच अपवाद आहे. एसी जळाला आणि त्याच्या आगीत पलंग-कपाट गेले, तर पलंग-कपाटाचा दावा चालतो, एसीचा नाही. ठेकेदाराचे बिल आणि चाचणीचा अहवाल यांच्या प्रती पॉलिसीसोबत घराबाहेर कुठेतरी, किंवा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.